शोभेच्या माशांच्या हौदातली प्रतिजैविके आणि औषधाला दाद न देणारे जीवाणू

निळेपाणी (धागाकर्ता)

रत्नागिरी जिल्ह्यात घरामागे पत्र्याची शेड उभारून मी गेली सहा वर्षे शोभेच्या माशांचे संगोपन करत आहे. सिमेंटचे चौदा हौद आणि बावीस काचटाक्या एवढाच पसारा आहे. गप्पी, मॉली आणि एंजल यांची पिल्ले घरीच होतात, गोल्डफिश मात्र परराज्यातून मागवावे लागतात. गेल्या पावसाळ्यात या शेडमध्ये जे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण त्यात माझी चूक मोठी होती आणि तीच चूक माझ्या ओळखीतले बहुतेक मत्स्यपालक वर्षानुवर्षे करत आले आहेत.

श्रावणाच्या सुरुवातीला ओरांडा जातीच्या गोल्डफिशची चार खोकी रात्रीच्या गाडीने आली. पिशव्या हौदात तरंगत ठेवून तापमान जुळवले आणि नेहमीप्रमाणे पिशवीतल्या पाण्यासकट मासे हौदात सोडले. ते पाणी फिकट पिवळे होते, हे मला तेव्हाही दिसले होते. प्रवासात मासे दगावू नयेत म्हणून पाण्यात काहीतरी औषध घालतात एवढे माहीत असल्याने मी पुढे विचार केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडापाशी, पाण्याच्या वरच्या थरात थबकून राहिलेले दिसले. पोट फुगलेले, परांच्या मुळाशी रक्त साकळलेले, आणि वरून पाहिले तर खवले अंगापासून सुटून अननसाच्या सालीसारखे उभे राहिलेले.

ज्यांच्याकडून माल घेतला त्यांना फोन केला. त्यांनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकायला सांगितल्या. मेडिकलच्या दुकानात कोणी चिठ्ठी मागितली नाही. कॅप्सूल टाकल्यावर पाणी आधी पिवळे झाले, दुसऱ्या दिवशी कोऱ्या चहासारखे तांबूस झाले आणि हौदाच्या कडेला फेस साचला. मासे मरतच होते. मग कोणीतरी कोंबड्यांसाठी मिळणारे एन्रोफ्लॉक्सासिनचे द्रावण सुचवले, तेही अंदाजाने ओतले. पाचव्या दिवशी अमोनियाची चाचणी केली, तर नळीतले पाणी पिवळे राहायला हवे होते ते गडद हिरवे झाले. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे फिल्टरमधले उपयुक्त जीवाणू मीच मारले होते, आणि ज्या जीवाणूंसाठी औषध टाकले ते मजेत होते.

शेवटी दोन आजारी पण जिवंत मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत घालून एका प्रयोगशाळेत नेले. मेलेला मासा आणू नका असे त्यांनी फोनवरच बजावले होते, कारण मेल्यावर थोड्याच तासांत आतड्यातले जीवाणू सर्वांगात पसरतात आणि खरा रोगकारक कोणता ते कळेनासे होते. त्यांनी माझ्यासमोर माशाच्या मूत्रपिंडातून नमुना घेतला. चार दिवसांनी बोलावून तिथल्या मॅडमनी मला काचेची बशी उजेडासमोर धरून दाखवली. बशीतल्या आगरवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीवर, त्यांचा दुधाळ थर पसरला होता आणि त्यावर औषध लावलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवलेल्या होत्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. अँपिसिलिनच्या आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या (टेट्रासायक्लिनच्याच भावंडाच्या) चकतीला जीवाणूंचा थर अगदी चिकटून होता. एन्रोफ्लॉक्सासिनभोवती पुसटशी कड होती, आणि तिच्या आतही टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती उगवल्या होत्या. फक्त फ्लोरफेनिकॉल आणि जेंटामायसिन यांच्याभोवती मोकळी जागा होती. जेंटामायसिन माशांच्या मूत्रपिंडाला घातक असल्याने ते वापरता येणार नव्हते. फ्लोरफेनिकॉल खाद्यातून द्यावे लागते, आणि माझ्या आजारी माशांनी खाणे कधीच सोडले होते.

जीवाणू एरोमोनास हायड्रोफिला निघाला. जो जीवाणू माझ्या हौदात पहिल्यांदाच आला, त्याला ही औषधे आधीपासून कशी सोसत होती, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. जाणकारांनी लिहावे, आणि आपापल्या शेडमध्ये काय करता तेही मोकळेपणाने सांगावे.

सूक्ष्मदर्शी

आपण काही न लपवता स्वतःची चूक मांडली याबद्दल आभार. मी जीवाणूशास्त्र शिकवते, आणि माशांच्या जीवाणूंवर काही वर्षे काम केले आहे.

आधी एक फरक लक्षात घ्यावा. अँपिसिलिनला एरोमोनास दाद देत नाही हे त्याच्या स्वभावातच आहे. ते औषध मोडणारी विकरे बनवण्याची सूचना त्याच्या मूळ गुणसूत्रावर असते, त्यामुळे त्या चकतीवरून तुमच्या व्यापाऱ्याला दोष देता येणार नाही. टेट्रासायक्लिनची गोष्ट वेगळी आहे. तो प्रतिरोध बहुतेक वेळा कमावलेला असतो. पेशीत शिरलेले औषध पंपाने उपसावे तसे बाहेर फेकणारी प्रथिने जीवाणू बनवतो, आणि त्यांची जनुके बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर असतात. हे प्लाझ्मिड एका जीवाणूकडून शेजारच्या जीवाणूकडे जाते, आणि तो शेजारी त्याच जातीचा असावा लागत नाही. शिवाय एकाच प्लाझ्मिडवर टेट्रासायक्लिन, सल्फा आणि स्ट्रेप्टोमायसिन या सर्वांविरुद्धची जनुके शेजारी शेजारी बसलेली असू शकतात. म्हणून एका औषधाचा मारा केला की न वापरलेल्या औषधांचा प्रतिरोधही टिकून राहतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तो जीवाणू तुमच्या हौदात नवा असला, तरी औषधाच्या पाण्यात तो नवा नव्हता.

हे काही आज कळलेले नाही. अमेरिकेत १९७६ साली शॉट्स आणि सहकाऱ्यांनी शोभेच्या माशांतल्या आणि त्यांच्या पाण्यातल्या एरोमोनासमध्ये असे हस्तांतरित होणारे प्रतिरोध-घटक दाखवून दिले होते. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये शोभेच्या माशांतून व त्यांच्या वाहतुकीच्या पाण्यातून मिळालेल्या १२७ एरोमोनास जीवाणूंची ३४ प्रतिजैविकांशी गाठ घालून पाहिली, तेव्हा त्यांतले अनेक पंधरा किंवा त्याहून अधिक औषधे सहन करणारे निघाले. या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा शब्द ‘वाहतुकीचे पाणी’ हा आहे. एका पिशवीत दाटीने कोंडलेले मासे, त्यांची विष्ठा, ताणामुळे सुटलेला अंगावरचा चिकट स्राव, आणि त्यात मारक मात्रेपेक्षा कितीतरी कमी औषध. प्रतिरोधी जीवाणू निवडून वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत आम्ही जी परिस्थिती मुद्दाम तयार करतो, ती इथे दर खेपेला आपोआप तयार होते.

आणखी एक गोष्ट. फुगलेले पोट आणि उभे खवले हे रोगाचे नाव नसून लक्षण आहे. मूत्रपिंड निकामी झाले की शरीरात पाणी साचते. त्यामागे जीवाणू असेल, विषाणू असेल, किंवा नुसते खराब पाणी असेल. तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर दिसला की सगळे बुरशी म्हणतात, पण तो पुष्कळदा फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नारे हा जीवाणू असतो. कोई जातीच्या माशांमधला हर्पिस विषाणू असेल, तर कोणतेही प्रतिजैविक त्याला हातही लावत नाही. डोळ्यांनी पाहून औषध ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

जुनाहौद

मी सोलापूरकडचा. या धंद्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे.

सूक्ष्मदर्शी मॅडमचे म्हणणे शास्त्राला धरून असेल. पण ज्याच्या हौदात सकाळी वीस आणि दुपारी पन्नास मासे उलटे तरंगत असतात, त्याने चार दिवस बशीत जीवाणू उगवण्याची वाट कशी पाहायची? माझ्या तालुक्यात माशांची तपासणी करणारी प्रयोगशाळा नाही. गुरांचे डॉक्टर सज्जन आहेत, पण मासा समोर ठेवला की तेच मला विचारतात की काय करावे. एका गप्पीला घाऊक बाजारात जी किंमत मिळते, त्यात चाचणीचा खर्च कुठून काढायचा? कॅप्सूल स्वस्त आहे आणि कोपऱ्यावर मिळते, म्हणून ती पडते. माणूस बेफिकीर असतो म्हणून पडते असे कृपया समजू नये.

एवढे लिहून एक कबुलीही देतो. पूर्वी जेवढ्या मात्रेने मरतूक थांबायची, तेवढ्याने आता थांबत नाही. आम्ही मात्रा दुप्पट केली, मग तिप्पट केली. पाणी रंगते, मासे मरायचे ते मरतातच.

सूक्ष्मदर्शी

जुनाहौद, आपली अडचण खरी आहे आणि ती नाकारून कोणाचेही भले होणार नाही. पण मात्रा तिप्पट करूनही गुण का येत नाही, त्याचे एक कारण तुमच्या बोअरमध्येच असू शकते. तुमच्याकडे बादलीच्या तळाशी आणि हौदाच्या कडेला पांढरे क्षार साचतात का? साचत असतील तर पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर आहे. टेट्रासायक्लिन या दोन्ही क्षारांशी घट्ट बांधले जाते, आणि बांधले गेलेले औषध माशाच्या शरीरात फारसे शिरत नाही. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल, त्यामुळे पाण्यात विरघळवलेल्या औषधापैकी त्याच्या रक्तापर्यंत पोहोचणारा भाग मुळातच थोडा असतो. उजेडातही हे औषध हळूहळू मोडते, पाणी तांबूस होते ते त्यामुळेच. म्हणजे एकूण असे घडते की माशाच्या मूत्रपिंडातल्या जीवाणूला औषध लागतच नाही, आणि हौदाच्या भिंतीवरच्या, गाळातल्या व फिल्टरमधल्या सगळ्या जीवाणूंना ते आठवडाभर थोडे थोडे चाटवले जाते.

चाचणीच्या खर्चाबद्दल माझे मत असे आहे की प्रत्येक मरतुकीला ती करण्याची गरज नाही. ज्यांच्याकडून नेहमी माल घेता, त्यांच्या मालातला जीवाणू वर्षातून एकदा-दोनदा तपासून घेतला आणि चारपाच जणांनी मिळून तो खर्च वाटून घेतला, तरी निदान कोणती औषधे टाकणे व्यर्थ आहे एवढे कळेल. तपासणी करणाऱ्यांना एक आवर्जून विचारावे. माशांच्या जीवाणूंची बशी साधारण २८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते, माणसांच्या नमुन्यांसारखी ३५ ते ३७ अंशांना ठेवून चालत नाही. रुग्णांच्या नमुन्यांची सवय असलेल्या प्रयोगशाळेत ही चूक सहज होऊ शकते.

रुग्णसेवा

मी त्वचारोगांचा डॉक्टर आहे. मासे पाळत नाही, पण मासे पाळणारे माझ्याकडे येतात.

हाताच्या बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी, लालसर जांभळी गाठ, मग त्याच हातावर वर चढत जाणाऱ्या आणखी दोनतीन गाठी, आणि काही महिने वेगवेगळी मलमे लावून झालेली, अशा रुग्णाला मी आता पहिला प्रश्न घरी माशांची टाकी आहे का, हा विचारतो. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जीवाणूचा नातेवाईक माशांमध्ये असतो. अ‍ॅरन्सन यांनी १९२६ साली फिलाडेल्फियातल्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांमधून तो प्रथम वेगळा केला. त्याला तीस अंशांच्या आसपास वाढायला आवडते, म्हणून तो माणसाच्या थंड भागात, म्हणजे हातापायांच्या त्वचेत राहतो. टाकी घासताना दगडाने खरचटलेली जागा त्याला पुरते. उपचार एकाहून अधिक औषधांनी कित्येक महिने चालतात, आणि अनेक साधी प्रतिजैविके त्याच्यावर मुळातच चालत नाहीत. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये, किंवा लांब हातमोजे वापरावेत, एवढे तरी प्रत्येकाने पाळावे.

दुसरी काळजी लहान मुलांची आहे. ऑस्ट्रेलियात या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत घरातल्या माशांच्या टाक्यांशी संबंध असलेले साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जीवाणूचे रुग्ण आढळले. तो साल्मोनेला पॅराटायफी बी, जावा प्रकारातला होता, आणि अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन अशा अनेक औषधांना एकदम न जुमानणारा होता. टाकीचे पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतणे आणि तिथेच भांडी विसळणे ही सवय मी रुग्णांना कळकळीने सोडायला सांगतो.

अटलांटिककाठ

न्यू जर्सीतून लिहीत आहे. इथे अनेक वर्षे माशांसाठीची म्हणून अ‍ॅमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन अशी औषधे पाळीव प्राण्यांच्या दुकानात आणि ऑनलाइन बिनचिठ्ठीची मिळत असत, आणि डॉक्टरांची फी टाळण्यासाठी ती स्वतःच घेणारी माणसेही होती. जून २०२३ पासून माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके जनावरांसाठीही पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, अशी व्यवस्था लागू झाली. माशांसाठी विकली जाणारी बहुतेक औषधे तर कधी मंजूरच झालेली नव्हती, आणि त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही उत्पादक-विक्रेत्यांना इशारापत्रे धाडली. माझ्या कोईच्या तळ्यासाठी मला आता मासे पाहणारा पशुवैद्य शोधावा लागतो. तो तासाभराच्या अंतरावर आहे आणि महाग आहे, त्यामुळे जुनाहौद यांचे दुखणे इथेही आहेच. तरीही गेल्या खेपेला त्याने औषध दिलेच नाही. तळ्यातले मासे निम्मे करायला सांगितले, आणि खरोखर तेवढ्यानेच जखमा भरल्या.

पाणवठा

मी मत्स्यविज्ञानाचा विद्यार्थी आहे. धाग्यात एक मुद्दा राहिला आहे असे वाटते, म्हणून लिहितो.

कोळंबीवाल्यांनी प्रतिजैविकांना घाबरायला सुरुवात केली त्याचे कारण बाजारात होते. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरानचे अंश सापडले की परदेशातून माल परत येत असे, आणि तो धक्का थेट तळ्याच्या मालकापर्यंत पोहोचत असे. शोभेचा मासा कोणी खात नाही, म्हणून त्याच्या मांसात औषधाचा अंश किती उरला हे कोणी विचारत नाही. औषधाचा अंश ताटात येत नसला, तरी जीवाणू मात्र पिशवीतून राज्ये आणि देश ओलांडतो. कोलिस्टिन हे माणसांसाठीचे अगदी शेवटच्या फळीतले औषध भारताने २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत वापरायला बंदी केली. त्या औषधाविरुद्धचा एमसीआर-३ नावाचा जनुक २०१७ साली चीनमध्ये डुकराच्या ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूमध्ये सापडला, तेव्हा त्याची जवळची भावंडे एरोमोनासमध्येच दिसली होती. ज्या जीवाणूला आपण हौदातला किरकोळ त्रास समजतो, तो असा औषधरोधाचा साठा सांभाळून असतो.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने मासे आणि पशुधन यांतल्या औषधरोधाच्या पाहणीचे राष्ट्रीय जाळे उभे केले आहे. शोभेच्या माशांच्या शेडमधले नमुनेही त्यात नेमाने जावेत, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनाला अनुदान मिळते, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत. कितीतरी घरांतून नवे हौद बांधले जात आहेत. अनुदानाबरोबर अमोनियाची चाचणी कशी करायची आणि नवा माल वेगळा कसा ठेवायचा, हे हातात धरून शिकवले, तर पहिली कॅप्सूल पडण्याआधीच पुष्कळ काही वाचेल.

जुनाहौद

क्षाराचे विचारले होते. होय, साचतात. सुरीने खरवडावे लागतात. इतकी वर्षे मी कॅप्सूल त्या पाण्यात टाकत होतो.

आता एकच विचारतो. औषध न टाकता पहिल्या दिवशी नेमके काय करायचे? मला तत्त्व नको, कृती हवी आहे.

निळेपाणी (धागाकर्ता)

जुनाहौद, मी आता काय करतो ते लिहितो. ते सगळ्यांना लागू पडेल असा दावा नाही.

नवा माल आला की पिशवीतले पाणी हौदात जाऊ देत नाही. पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवतो, मग मासे जाळीने उचलतो आणि पिशवीतले पाणी वेगळ्या पिंपात ओततो. नवे मासे तीन आठवडे शेडच्या पलीकडच्या टोकाला दोन वेगळ्या हौदांत राहतात. त्यांची जाळी, नळी आणि बादली यांना लाल रंगाची पट्टी मारली आहे, ती वस्तू दुसऱ्या हौदाला लागत नाही. रोजची कामे जुन्या हौदांपासून सुरू करून या दोन हौदांपाशी संपवतो, उलट कधीच नाही. पहिले दोन दिवस खाद्य जवळजवळ देत नाही, कारण खाल्लेले अन्न अमोनियाच होऊन पाण्यात येते. दर लिटरला तीन ग्रॅम जाडे मीठ हळूहळू, दिवसभरात विरघळवून घालतो. त्याने जीवाणू मरत नाहीत, माशाचा ताण हलका होतो. आजारी दिसणारा मासा लगेच बाहेर काढतो. अमोनिया रोज तपासतो, आणि तो चढला तर एक तृतीयांश पाणी बदलतो. खोकी मागवतानाही आता निम्मीच मागवतो, हे सर्वांत अवघड गेले.

सांडपाण्याचे अजून पूर्ण जमलेले नाही. पूर्वी शेडचे पाणी सरळ वहाळात जात असे, आणि तोच वहाळ खाली दोन विहिरींजवळून जातो. आता एक खड्डा बांधला आहे. त्यात आधी गाळ बसू देतो, कारण गाळ असेल तर ब्लीचिंग पावडर त्यातच संपून जाते. मग वरच्या पाण्यात ब्लीचिंग घालून रात्रभर ठेवतो, आणि क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावर ते पाणी नारळांना सोडतो. पावसाच्या जोरात मात्र खड्डा भरून वाहतो, त्यावर या उन्हाळ्यात झाकण आणि वरच्या बाजूला चर काढणार आहे.

या रीतीने दोन खेपा आल्या आहेत. पहिल्या खेपेत नऊ मासे गेले, दुसऱ्या खेपेत चार, आणि दोन्ही वेळा एकही कॅप्सूल पडली नाही. दुसऱ्या खेपेतला एक मासा मी त्याच प्रयोगशाळेत दिला आहे. बशी सोमवारी पाहायला मिळेल, तेव्हा चकत्यांभोवतीच्या वर्तुळांची मापे इथेच लिहीन.

जुनाहौद

सोमवारी वाचतो. माझ्याही दोन माशांचे नमुने पाठवायचे ठरवले आहे. ऑक्सिजनची पिशवी सोलापूरहून रात्रीच्या गाडीने टिकेल का, तेवढे प्रयोगशाळेतल्या त्या मॅडमना विचारून ठेवा.